कंपनीला घातलेलं गाऱ्हाणं

मी एक मोडलेला रॉड आहे. मासे गरवायचा. एकेकाळी साडेसात फूट होतो. आता जेमतेम दीड फूट उरलोय, आणि त्यातही बरीचशी मूठच आहे.

मित्रांनो, आपण कुठे मोडणार हे बहुतेक वस्तूंना माहीत नसतं, त्यामुळे त्या मजेत जगतात. मला ते जन्मापासून माहीत होतं.

माझा जन्म असा झाला. कार्बनचं काळं कापड पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात आणि भट्टीत भाजतात. मग सळई ओढून काढली की जी पोकळ नळी उरते, ती म्हणजे मी. मला गुंडाळणाऱ्या माणसाचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होतं. त्याला मी दोष देत नाही, भूक सगळ्यांना लागते. पण पुढे दोरा ओवायची टोकाकडून तिसरी आणि चौथी कडी जिथे बसणार होती त्यांच्या मधे, कापडाच्या दोन थरांत, तिळाएवढी हवा अडकली ती अडकलीच. वरून रंग चढला आणि मी इतर रॉडांसारखाच देखणा दिसू लागलो. तपासणीला दहातला एक रॉड वाकवून बघतात. तपासनिसाने दहावा उचलला. मी नववा होतो.

मला कड्या बसल्या, कॉर्कची मूठ बसली, मुठीच्या वर अनुक्रमांक पडला आणि गळ्यात एक हमीपत्र आलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आयुष्यभराची हमी'. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आयुष्य म्हणजे काय याचा खुलासा होता: आयुष्य म्हणजे उत्पादनाचं अपेक्षित आयुष्य, अर्थात खरेदीपासून दोन वर्षं. तुम्हां माणसांचं आयुष्य कोण ठरवतं यावर मतभेद आहेत म्हणे. माझं कंपनीच्या कायदा विभागाने ठरवलं.

पुढे अटी होत्या. हमी फक्त निर्मितीतल्या दोषाला. पाय पडला, दारात चेंगरला, गाडीवरून पडून मोडला, हवा तसा वाकवला, तर नाही. हमी फक्त पहिल्या ग्राहकाला, तीही मूळ बिल असेल तर. नोंदणी तीस दिवसांत. मोडल्यास सगळे तुकडे जपून ठेवणे. आणि अकरावं कलम: दावा मंजूर झाल्यास ग्राहकाने जुना रॉड स्वतः कापून नष्ट करावा व फोटो पाठवावा. एकाचे दोन रॉड कुणी करू नयेत म्हणून.

हे कलम मी दुकानाच्या काचेआड बसून पुष्कळदा वाचलं. माझ्यातला दोष सिद्ध झाला तर मी जाणार होतो. सिद्ध झाला नाही, तर मला घेणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

मला घेतलं किशोरीने. तारकर्लीची, वय सत्तावीस, बी.कॉम. तिचे वडील होडीवर खलाशी होते, ते वारले. आई मथुरा मालवणच्या बाजारात मासे विकते. घरात तिसरे आजोबा, सहदेव. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. कुणाची नवी होडी असो, कुणाचं लग्न असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं ते सहदेव आजोबांनी. बाकीच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

किशोरीला पर्यटकांना गरवायला न्यायचं होतं. खडकावर उभं करायचं, रॉड हातात द्यायचा, मासा लागला की ओरडायचं नाही हे शिकवायचं. हे काम करणारे किनाऱ्यावर बरेच होते, पण सगळे पुरुष. मथुराने दुसरी सोय करून ठेवली होती. बांद्याला मावशीच्या ओळखीने काजूच्या कारखान्यात जागा होती.

"थंय सावलेत बसान काम," मथुरा म्हणायची. "उन्हातान्हात खडपार उभ्या रवाक नको."

"थंय समुद्र खंय आसा?" किशोरी विचारायची.

"काजूक समुद्र कित्याक व्हयो गो?"

यावर किशोरी मला घेऊन बाहेर पडायची.

तिने मला जपलं. अगदी नको तितकं जपलं. रोज विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतलं, जुन्या लुंगीत गुंडाळलं, आढ्याला आडवं टांगलं. तेविसाव्या दिवशी नोंदणी केली. बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवलं. आणि मी मात्र प्रत्येक माशागणिक श्वास धरून होतो. दोन वितींची तांबोशी लागली, आतला हवेचा तीळ जरासा ताणला. पाच किलोची कोकर लागली, तिने पाऊण तास झुंजवली. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या, आणि आतल्या आत एक धागा सुटलेला मला ऐकू आला. लोक म्हणाले, काय रॉड आहे! मी म्हटलं, बोला, बोला.

शिमग्यात एकदा मी स्कूटरवरून पडलो. मुठीला ओरखडा आला, बाकी काही नाही. पण किशोरीच्या मनात ते राहिलं. त्या दिवसापासून ती मला वाकवताना चेहरा असा करायची, जणू आजारी माणसाला विचारतेय, दुखतंय का?

अखेर तो दिवस आला. माझ्या कागदोपत्री आयुष्याचे एकतीस दिवस उरले होते.

गुरुप्रसाद नावाचा एक लॉजवाला होता. त्याच्याकडे हंगामात गरवण्याची हौस असलेले पाहुणे यायचे. किशोरीची परीक्षा घ्यायला तो स्वतः खडकावर आला, हातात मोबाइल धरून. "करून दाखय," म्हणाला, "मी शूटिंग करतंय."

किशोरीने ल्युअर, म्हणजे गळाचं खोटं आमिष, फेकलं. मासा लागला. मोठा नव्हता, मित्रांनो, ही खरी शरमेची गोष्ट. हातभराचा गोबरा. तिने मला धरलं ते अगदी पुस्तकात सांगतात तसं: मूठ पोटाशी, टोक खांद्याच्या वर पण डोक्याच्या मागे नाही, रीलचा ब्रेक सैल. काहीही चुकलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकलो असतो, पण मला कुणी विचारणार नव्हतं.

ताड्!

तिसऱ्या आणि चौथ्या कडीच्या मधे.

टोक तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला, लोंबकळत राहिलं. मासा गेला. गुरुप्रसादने शूटिंग थांबवलं.

"अगो, एवढ्याशा गोबऱ्यान?"

किशोरीने तंगूस गुंडाळून टोक हातात घेतलं.

"ह्या बघ, दोन रविवार सोडून तिसऱ्या रविवारी माझे पावणे येतत. पुण्याचे आसत, आठ जण. तोपर्यंत रॉड आसलो तर ये. नायतर मी बाबूक सांगतंय. तेच्याकडे चार रॉड आसत."

दुसरा रॉड घ्यायची ऐपत नव्हती, आणि हंगामाच्या तोंडावर उसना कोण देणार? सतरा दिवस होते. बाबू की किशोरी, तारकर्ली की बांदा, ते आता माझ्या दोन तुकड्यांवर येऊन ठेपलं होतं.

कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज होता. नाव, अनुक्रमांक, बिलाचा फोटो, तुकड्यांचा फोटो, हे सगळं किशोरीने झरझर भरलं. शेवटी एक मोठा चौकोन होता: 'घटनेचे वर्णन करा.' तिथे तिची बोटं थांबली.

आता इथे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झालं नसतं. मोठ्या माणसाकडे काही मागायचं आहे म्हटल्यावर घरातल्या तिघांनाही ते काम कुणाचं, याबद्दल शंका नव्हती. आजोबांनी टोपी घातली, अंगणात तुळशीसमोर उभे राहिले, हात जोडले. किशोरीने मोबाइल धरला.

"बा कंपनी म्हाराजा," आजोबांनी सुरुवात केली, "तू खंय बसलंस ता आमका ठावक नाय, पण जंय आसशीत थंय आमचा गाऱ्हाणा आयक. आज ह्या तुझ्या लेकराचो रॉड मोडलो. ह्या लेकराचा काय चुकला-माकला आसात, हातान-पायान, कळत-नकळत, तर ता तू पदरात घे. आणि नवो रॉड देवन तेची भाकरी राख, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मथुरा आतून, चुलीपाशी, सवयीने.

किशोरीने सगळं प्रमाण मराठीत उतरवलं. 'चुकला-माकला'च्या वाक्यापाशी ती क्षणभर थांबली. पण गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे शिमग्यातली स्कूटरही असणार. तिने टाइप केलं: 'माझ्याकडून कळत-नकळत काही चूक झाली असल्यास क्षमा करावी.'

मी खुंटीवर दोन तुकडे होऊन लटकत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. 'प्रिय ग्राहक, आपण आपल्या निवेदनात वापरातील चूक मान्य केली आहे. सबब आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे. फेरविचारासाठी सात दिवसांच्या आत संपर्क साधावा. आपला दिवस आनंदात जावो.'

आजोबांनी ते दोनदा वाचून घेतलं. "मान्य केली? मी कधी मान्य केलंय? तसा बोलाचीच रीत आसा."

"तेंका रीत म्हायत नाय, आजो."

"तेंच्या गावात गाऱ्हाणा घालणत नाय?"

मथुरा म्हणाली, "कायव झाला तरी मावशीक फोन करून ठेवतंय." आणि तिने केलासुद्धा.

फेरविचारासाठी व्हिडिओ तपासणी ठरली, गुरुवारी दुपारी चार वाजता. सातवा आणि शेवटचा दिवस. मधल्या दिवसांत गुरुप्रसादचा दोनदा फोन आला.

"रॉड इलो?"

"येतलो."

"येतलो म्हणजे खंय पावलो?"

किशोरीने नेटवर्क गेल्यासारखं केलं. आमच्याकडे या सबबीवर कुणी अविश्वास दाखवत नाही.

व्हिडिओला पुरेल एवढं नेटवर्क फक्त विहिरीच्या कठड्यापाशी मिळायचं. गुरुवारी चार वाजता तिघंही तिथे उभी. मला एका जुन्या चादरीवर मांडलं होतं, सांगाडा मांडतात तसं. मोबाइलमध्ये एक तरुण चेहरा उमटला.

"नमस्कार. मी समीक्षा, दावा विभागातून. किशोरीताई ना? संभाषण रेकॉर्ड होतंय. आधी अनुक्रमांक दाखवा."

दाखवला. जुळला. बिल दाखवलं. तेही जुळलं.

"रॉड कसा तुटला ते सांगा."

किशोरीने सांगितलं. आवाज स्थिर होता, पण तिने मूठ घट्ट आवळली होती. मला ते कळत होतं, मूठ माझीच होती.

"याआधी कधी पडला होता का?"

चित्र अडकलं. समीक्षाचं तोंड अर्धं उघडं राहिलं. त्या दहा सेकंदांत मथुराने मान हलवून खूण केली, नाही म्हण. किशोरीने आईकडे बघितलं. चित्र परत हललं.

"पडला होता," किशोरी म्हणाली. "शिमग्यात. म्हणजे मार्चमध्ये. स्कूटरवरून."

मथुराने कपाळावर हात मारला. मोबाइलमध्ये कळफलकाचा आवाज आला. टक टक टक. माझ्या आयुष्यात मी बरेच मासे झेलले, पण त्या टकटकीइतका ताण कुणी दिला नाही.

"कुठल्या भागावर पडला?"

"मुठीवर. हा बघा ओरखडा."

"आणि तुटलाय कुठे?"

"वर. चार फूट वर."

"मग ते वेगळं," समीक्षा म्हणाली. टकटक थांबली. "आता तुटलेली कड कॅमेऱ्याजवळ आणा. अजून जवळ. चपटी झालीय का? पाय पडला की चपटी होते."

"नाही. गोल आहे."

"कडेवरून हळू बोट फिरवा. आतून. काही लागतंय का?"

किशोरीचं बोट माझ्यावरून फिरू लागलं. पाव फेरा. अर्धा. मी म्हटलं, पुढे, पुढे. आणखी थोडं. तिचं बोट थांबलं.

"हंय... इथे खळगा आहे. दोन थर सुटे आहेत मधे."

"फोटो काढून पाठवा. आत्ताच."

पाठवला. निळं वर्तुळ फिरत राहिलं. गेला. समीक्षा स्क्रीनकडे झुकून बघत राहिली.

"हवा अडकलीय," ती शेवटी म्हणाली. "हा निर्मितीतलाच दोष आहे, ताई. पण एक अडचण आहे. तुमच्या पहिल्या निवेदनात चूक झाल्याचं तुम्ही लिहिलंय. ते मला पुसता येत नाही. तुम्हाला नवीन निवेदन द्यावं लागेल. पहिलंच वाक्य स्पष्ट पाहिजे: 'माझ्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.' सहा वाजता अर्जाची खिडकी बंद होते."

"काय एक चुकलाच आसात तर, बाय..." आजोबा नम्रपणे पुढे सरसावले. मथुराने त्यांच्या तोंडावर पदर धरला.

"कोण बोललं?" समीक्षाने विचारलं.

"कोणी नाही," किशोरी म्हणाली आणि फोन ठेवला. पाच वाजत आले होते.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एक वाक्य तर लिहायचं. पण त्या घरात ते वाक्य कुणीच कधी लिहिलं नव्हतं. किशोरीने 'माझ्याकडून' लिहिलं आणि थांबली. पुसलं. परत लिहिलं. सव्वापाच झाले.

"लिव गो," मथुरा म्हणाली. "आता लिवलंस नाय तर हातचा जातला." बांद्याला फोन करून ठेवलेली ती हीच बाई.

"आये, आपण एकदम असा कसा म्हणूचा? कोणतीही चूक नाय? एकव?"

आजोबा कठड्यावर बसले होते. बराच वेळ ते माझ्या तुटलेल्या कडेकडे बघत होते. मग त्यांनी स्वतः बोट फिरवून बघितलं. खळगा लागला.

"किशोरी," ते म्हणाले, "गाऱ्हाणा आपण देवाक घालतो. देवाक सगळा ठावक असता. आपण केलेला, न केलेला, सगळा. म्हणान तेच्यासमोर आधी वाकाचा. ह्या कंपनीक काय ठावक आसा? तिका हो खळगोसुद्धा तूच दाखयलंस. जेका कायएक ठावक नाय, तेच्यासमोर वाकलंस तर तो म्हणतलो, चोर आसा म्हणान वाकता. तिका खरा काय ता सांग. लिव."

साडेपाचला किशोरीने लिहिलं: 'माझ्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.' लिहून झाल्यावर तिने इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना, अशा नजरेने. मग खालची पाच वाक्यं धडाधड आली. पाठवताना नेटवर्क गेलं. ती मोबाइल हातात उंच धरून विहिरीभोवती दोन फेऱ्या मारून आली. तिसऱ्या फेरीत, सहाला चार मिनिटं कमी असताना, हिरवी खूण आली.

शुक्रवारी दावा मंजूर झाला. घरात कुणी ओरडलं नाही. मथुराने फक्त चुलीवरचं झाकण जरा जोरात ठेवलं.

मग किशोरीने पत्राचा उरलेला भाग वाचला. अकरावं कलम. चार तुकडे, अनुक्रमांक वाचता येईल असा फोटो, चोवीस तासांत. नाहीतर नवा रॉड निघणार नाही.

"आपल्या हातान?" मथुराने विचारलं. आमच्या किनाऱ्यावर जुनी होडीसुद्धा कुणी मोडत नाही. ती माडाखाली उपडी घालतात आणि तिची तीच जाईपर्यंत राहू देतात.

किशोरी शेजारून लोखंड कापायची करवत घेऊन आली. मला पायरीवर ठेवलं, गुडघ्याने दाबून धरलं. मला वाटलं होतं, मी घाबरेन. पण दोन वर्षं मी ज्या मोडण्याची वाट बघत काढली, ते होऊन गेलं होतं. उरलेलं फक्त कापणं होतं. करवतीने काळी पूड उडाली. तिच्या नाकातोंडात गेली, डोळ्यांतून पाणी आलं. पुडीमुळेच आलं असं तिने आईला सांगितलं. पूड फारशी नव्हती.

नवा रॉड दुसऱ्या शनिवारी दुपारी आला. कुरियरवाला तारकर्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला होता आणि त्याचा राग चेहऱ्यावर होता. खोक्यात नवं हमीपत्र होतं. बदलून दिलेल्या रॉडला नवी दोन वर्षं मिळत नाहीत, जुन्याचे उरलेले दिवस मिळतात. म्हणजे माझे. पंधरा. कुठल्याही नवजाताचं इतकं आटोपशीर स्वागत मी ऐकलेलं नाही.

रविवारी सकाळी किशोरी त्याला घेऊन गेली. पाहुणे आठ. मला मथुराने अंगणात कामाला लावलं होतं: सुकत घातलेल्या बांगड्यांवर कावळे बसू नयेत म्हणून मुठीचा दीड फूट तुकडा हवेत फिरवायचा. सकाळभर ती कावळ्यांकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघत होती. दोन बांगडे गेले. तिला कळलंही नाही. आजोबा टोपी घालून बसले होते, गाऱ्हाणं मनातल्या मनात चाललं असावं.

एक वाजता किशोरी आली. खांद्यावर रॉड, अख्खा. तोंड उन्हाने लाल.

"काय झाला?" दोघांनी एकदमच विचारलं.

"दोन पावणे खडपार घसरून पडले. एकाच्या गरीक तेचीच टोपी लागली."

"आणि गुरुप्रसाद?"

"बुधवारी सात जण आसत म्हणालो." तिने विहिरीचं पाणी काढलं आणि नव्या रॉडवर ओतायला सुरुवात केली. मथुरा आत गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज आला. बांद्याच्या मावशीला ती सांगत होती, जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाक, आमच्या पोरीला वेळ नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, धुवा, बिलं सांभाळा, बारीक अक्षरं वाचा. हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण एखादी वस्तू तुमच्या हातात मोडली, तर 'माझंच चुकलं' म्हणायची घाई करू नका. मोडलेल्या कडेवरून आधी एकदा बोट फिरवून बघा. खळगा लागला नाही, तर मग खुशाल आपली चूक कबूल करा. फक्त बोट हळू फिरवा. कार्बनचं कुसळ फार बारीक असतं, आणि किशोरीच्या बोटातलं अजून निघालेलं नाही.